दारं धरणारा

रात्री दोनला बाबगोंडा उठून बसतात.
मॉनिटर वाजला म्हणून नव्हे.
दोनला लाईट येते, मोटर चालू होते, पाट भरतो,
चाळीस वर्षांची सवय.
कसबा बावड्याच्या पाणी संस्थेचे पाटकरी.
आता सीपीआरचा छातीचा वॉर्ड, खाट अकरा,
नाकात नळी,
आणि पायाखाली चिखल नाही
याचंच त्यांना जास्त नवल.

मी फिल्म उजेडात धरते.
डावीकडचा खालचा कोपरा पांढराफटक.
"काय ओ डॉक्टरीणबाई, हितं काय झालंय?"
पाणी साठलंय, मी म्हणते. हवा पोचत नाही तिथं.
"म्हंजे क्षारपड."
मी मान हलवते.
याहून नेमका शब्द मला पुस्तकात मिळाला नव्हता.

बोटाच्या चिमट्यावर एक्क्याण्णव.
एवढा कोपरा बुडाल्यावर
आकडा आणखी खाली असायला हवा होता.
कुणीतरी आत दारं धरून उभं आहे.

हातात, पायात, मेंदूत हवा कमी पडली
की तिथल्या वाहिन्या रुंदावतात, रक्ताला हाका मारतात.
फुप्फुसाची तेवढी उलटी रीत.
जिथं वारा नाही, त्या सरीचं दार
ते मुकाट बुजवतं,
आणि रक्त वळवतं
वारा खेळणाऱ्या वाफ्याकडं.

"झाक. नापीक रानात पानी कशाला सोडायचं?
पर दारं धरतंय कोन?"

धमनीच्या भिंतीत स्नायू,
स्नायूच्या पेशीत मायटोकाँड्रिया.
अब्जावधी वर्षांपूर्वी बाहेरून आलेला कुणी एक जीव,
वस्तीला थांबला तो राहिलाच,
आपलं थोडं दप्तर अजून आपल्याच काखेत ठेवून.
काम त्याचं चुलाणावरचं.
इलेक्ट्रॉन हातोहात पुढं द्यायचे,
गुऱ्हाळात मोळ्या देतात तसे,
आणि शेवटी ऑक्सिजन उभा, तो घेणार.
शेवटचा गडीच आला नाही, की रांग तुंबते,
हातातलं सांडतं, ठिणग्या उडतात.
ठिणग्यांवरून पेशीला कळतं.
पोटॅशियमच्या खिडक्या मिटतात,
कॅल्शियम आत घुसतं,
आणि स्नायू मूठ आवळतो.

खरं तर ठिणग्या वाढतात की कमी होतात
यावरही अजून दोन तट आहेत, मी कबूल करते.
"असनारच. आमच्या संस्थेत तरी कुठं एक पॅनेल हाय?"
हसतात, हसता हसता खोकतात.
एकोणनव्वद.
मी नळी सरळ करते, दोघं आकड्याकडं बघत राहतो.
नव्वद. एक्क्याण्णव.

"आनि ह्यो पावना माझ्यात आला कुनाकडनं?"
आईकडून. फक्त आईकडून.
ते बराच वेळ छताकडं बघतात.
"आई हेरवाडची.
तिचा भाऊबी पाटकरीच हुता."

त्यांना सांगत नाही ते हे,
की सगळं रान एकदम बुडालं
तर हा इमानी माणूस सगळीच दारं बुजवत सुटतो.
कुठलं राखावं, त्याला कळत नाही.
मग हृदयाची उजवी बाजू
बंद दारांवर धडका देत राहते,
रात्रभर, फुगत.
खाट चार.
संध्याकाळपासून तिथला पडदा ओढलेला आहे,
बाहेर स्टुलावर तिची लेक,
मांडीवर न उघडलेला डबा.

बाबगोंडा झोपलेत.
चादरीखाली उजवा हात हलतो,
खोऱ्यानं माती ओढावी तसा,
एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

मी तक्त्यावर लिहिते,
दोन चाळीस, ब्याण्णव,
पेनला टोपण लावते
आणि चारकडं जाते.